तामान सारी: पाणी आटलेली शाही बाग

जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरात तामान सारी पाहायला गेलेला माणूस बहुधा निळसर पाण्याचे तीन हौद पाहून परततो. पण ते हौद म्हणजे या शाही बागेचा एक कोपरा. तिचा मुख्य भाग त्यांच्या उत्तरेला होता: ‘सेगारान’ नावाचं मोठं कृत्रिम तळं. त्या तळ्याच्या तळावर आता दाट वस्ती आहे.

१७५५ च्या गियांती तहाने जावातलं मातारामचं राज्य दुभंगलं आणि राजपुत्र मांगकुबुमी योग्यकर्ताचा पहिला सुलतान झाला. राजवाड्याच्या पश्चिमेला त्याने ही बाग उभारली. ती बांधायला घेतल्याचं आणि पुरी झाल्याचं साल शब्दांकांत, म्हणजे आकडे सुचवणाऱ्या शब्दांत, नोंदलेलं आहे. ‘चतुर नाग रस तुंगल’ म्हणजे ४, ८, ६, १. आपल्याकडच्या जुन्या लेखांप्रमाणे उजवीकडून वाचलं की जावानी सन १६८४, इ.स. १७५८. पश्चिमेच्या मुख्य दरवाजावरची फुलं आणि पक्षी १६९१ हा आकडा सांगतात, म्हणजे इ.स. १७६५. आज मात्र प्रवेश पूर्वेच्या दरवाजातून, त्यामुळे बाग उलट्या क्रमाने पाहिली जाते.

स्नानगृह उंच भिंतींच्या आत आहे. एक हौद सुलतानाच्या मुलांसाठी, दुसरा राजस्त्रियांसाठी, मग मधला मनोरा आणि त्यामागे खुद्द सुलतानाचा खासगी हौद.

तळ्यात बेटं होती. पुलो केनांगा या बेटावर दुमजली वाडा होता. त्याचे अवशेष अजून उंच उभे आहेत. दुसरी इमारत सुमूर गुमुलिंग, म्हणजे गोल, दुमजली, मध्ये आकाशाला उघडी मशीद. चार जिने मधल्या चौथऱ्यावर येऊन मिळतात आणि तिथून पाचवा वर जातो. दोन्ही मजल्यांवर इमामासाठी कोनाडा आहे. इथे पोहोचायला पाण्याखालून जाणारं भुयार हाच मार्ग होता. हवेसाठी भुयारांच्या छतावर ‘ताजुग’ नावाचे छोटे मनोरे बांधले होते. पुलो केनांगाच्या दक्षिणेला ते आजही दिसतात.

या भुयारांसारखी विटांची कमान दाब उत्तम पेलते; वरची माती आणि पाणी विटांना एकमेकींवर आवळूनच धरतात. ताण मात्र तिला सोसत नाही. भूकंपात जमीन आडवी हलली की कमानीचे पाय एकमेकांपासून सरकतात, चुन्याचे सांधे उघडतात आणि माथ्याच्या विटा निसटतात. त्यात शहराखाली मेरापी ज्वालामुखीचा सैलसर गाळ. अशी जमीन हादरे वाढवते. १८१२ मध्ये इंग्रजांनी योग्यकर्तावर हल्ला केला आणि पुढे बागेची आबाळ झाली, पण खरा घाव १८६७ च्या भूकंपाचा. वाडे कोसळले, पाण्याची व्यवस्था मोडली आणि कोरड्या पडलेल्या जागेत लोकांनी घरं बांधली. २००६ च्या भूकंपानेही उरलेल्या भिंतींना तडे दिले.

अशा भिंतींची दुरुस्ती सिमेंटने करणं हा सोपा, पण चुकीचा उपाय. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असतं आणि ओल बाहेर पडू देत नाही. मग गिलावा टिकतो आणि मागची वीट भुगा होते. चुन्याचा गिलावा आधी स्वतः झिजतो, म्हणून तोच बरा.

२०२३ मध्ये योग्यकर्ताच्या जागतिक वारसा नोंदीत तामान सारीचा समावेश झाला. पाहायला जाल तर हौदांनंतर उत्तरेकडच्या गल्ल्यांमधून पुलो केनांगाच्या भग्न वाड्यापर्यंत चालत जा. ज्या गल्ल्यांतून तुम्ही जाता, तिथे एकेकाळी होड्या चालत.