उच्च चुंबकीय क्षेत्रातील अतिसंवाहकता : प्रायोगिक संशोधन

अतिसंवाहक (अतिशय कमी तापमानात विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होणारा) पदार्थ प्रबल चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्याची अतिसंवाहकता कोठवर टिकते व कशी मोडते, याचा प्रायोगिक अभ्यास. हाइके कामरलिंग ऑनेस यांना 1911 मध्ये लायडन येथे पाऱ्यात ही अवस्था आढळली. शिशाच्या तारेपासून प्रबल चुंबक बनविण्याची त्यांची आशा मात्र काही शे गौसच्या (10,000 गौस म्हणजे 1 टेस्ला) क्षेत्रातच, अतिसंवाहकता नाहीशी झाल्याने, मावळली.

उच्च क्षेत्र सोसणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, अतिसंवाहकांच्या शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. द हास व व्होग्ड यांना 1930 च्या सुमारास शिसे-बिस्मथ मिश्रधातूत सुमारे 2 टेस्लापर्यंत अतिसंवाहकता दिसली. मेंडेलसन यांनी अशा वर्तनाचे कारण नमुन्यातील विषमतेत शोधले व पदार्थाला स्पंजाची उपमा दिली. खारकिव्ह येथे शुबनिकोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारणपणे 1935 ते 1937 या काळात काळजीपूर्वक तापानुशीतन केलेल्या (तापवून सावकाश थंड केलेल्या) एकस्फटिकी मिश्रधातूंवर मापने करून दोन वेगळी क्रांतिक क्षेत्रे (एक, ज्यापुढे चुंबकीय क्षेत्र पदार्थात शिरू लागते व दुसरे, ज्यापुढे अतिसंवाहकता संपते) दाखविली. नमुने एकजिनसी असल्याने हा गुणधर्म पदार्थाचाच आहे, अशुद्धीचा नव्हे, हे त्यांतून सूचित होते. म्हणून श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. शुबनिकोव्ह यांना 1937 मध्येच देहदंड झाला आणि हे काम बराच काळ दुर्लक्षित राहिले. अॅब्रिकोसॉव्ह यांच्या 1957 च्या सिद्धांताने त्याचा उलगडा केला: दोन क्रांतिक क्षेत्रांच्या दरम्यान चुंबकीय अभिवाह (क्षेत्ररेषांचा समुच्चय) भोवऱ्यांच्या रूपाने पदार्थात शिरतो. भोवरे सरकले की रोध उद्भवतो. म्हणून व्यवहारात ते जागी अडकवून ठेवणारे दोष हवे असतात.

1961 मध्ये कुंझलर व सहकाऱ्यांनी निओबियम-कथिल संयुगातून 8.8 टेस्ला क्षेत्रातही दर चौ. सेंमी.ला 1,00,000 अँपिअरहून अधिक प्रवाह नेला. इलेक्ट्रॉनांच्या परिवलनामुळे (स्पिनमुळे) अतिसंवाहक सोसू शकणाऱ्या क्षेत्रावर येणारी मर्यादा क्लॉगस्टन आणि बी. एस. चंद्रशेखर (खगोलभौतिकीविज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर नव्हेत) यांनी 1962 मध्ये स्वतंत्रपणे मांडली. तिच्यानुसार क्रांतिक तापमानाच्या (ज्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो त्या तापमानाच्या) प्रत्येक केल्व्हिनमागे सुमारे 1.84 टेस्ला क्षेत्र सोसले जाते. युरेनियम डायटेल्युराइडचे क्रांतिक तापमान सुमारे 1.6 केल्व्हिन असूनही ठरावीक दिशेने लावलेल्या 30 टेस्लाहून अधिक क्षेत्रात ते अतिसंवाहक राहते, हे 2019 मध्ये दिसले.

अमेरिकेतील टॅलाहासी येथील प्रयोगशाळेत 45 टेस्लापर्यंत स्थिर क्षेत्र मिळते. त्यापुढे तुलूझ (फ्रान्स), ड्रेस्डेन (जर्मनी) व लॉस अॅलमॉस (अमेरिका) येथील, सेकंदाचा अल्पांश टिकणारी स्पंदक्षेत्रे वापरावी लागतात. तेथे तारांच्या वेटोळ्यांत प्रवर्तित होणारा विद्युत् दाब आणि नमुन्याचे तापणे या मोठ्या अडचणी असतात.

पुण्यातील रुग्णालयांमधील 1.5 व 3 टेस्लाच्या एमआरआय यंत्रांत निओबियम-टायटॅनियमची कुंडले असतात. पाषाण परिसरातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेणूंची संरचना तपासणारी एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन) यंत्रेही अतिसंवाहक चुंबकांवरच चालतात.