परवान्याने घातलेली भिंत

डॉकर इंजिन म्हणजे कंटेनर, म्हणजे बंदिस्त कप्प्यात ठेवलेले प्रोग्रॅम, चालवणारं सॉफ्टवेअर. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. त्यातला विंडोजचा भाग वाचताना मी एका तपासणीपाशी बराच वेळ थांबलो होतो. यंत्रावर डेस्कटॉपची विंडोज असेल आणि वापरकर्त्याने ‘प्रोसेस आयसोलेशन’ हा कंटेनर वेगळे ठेवण्याचा प्रकार मागितला असेल, तर एरर द्यायची, एवढीच ती तपासणी. तिच्या वर देखभाल करणाऱ्यांसाठी एक टीप होती. तिचा आशय असा: हा भाग काढू नका, विंडोजवरचे परवान्याचे निर्बंध यातून अंशतः लागू होतात.

परवान्याने नेमकं काय अडवलं होतं, हे समजायला कंटेनर आतून बघावा लागतो. कंटेनर म्हणजे मुळात साधी प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम. तिला काय दिसावं आणि यंत्रातलं किती मिळावं, हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ठरवतो. लिनक्समध्ये दिसण्याचा बंदोबस्त नेमस्पेस करतात आणि मिळण्याचा सीग्रुप, जे 2008 साली मुख्य कर्नलमध्ये आले. विंडोजने ही सोय सर्व्हर 2016 मध्ये आणली, तीही दोन प्रकारांत. प्रोसेस आयसोलेशनमध्ये सगळे कंटेनर यजमानाचाच, म्हणजे ते ज्या यंत्रावर चालतात त्याचाच, कर्नल वापरतात, वाड्यातली सगळी बिऱ्हाडं एकाच आडाचं पाणी शेंदतात तसे. हायपर-व्ही आयसोलेशनमध्ये प्रत्येक कंटेनरला छोटं आभासी यंत्र आणि स्वतःचा कर्नल मिळतो.

हा फरक डोळ्यांनी बघता येतो. कंटेनरमध्ये पिंग हा नेटवर्क तपासणारा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवा आणि बाहेर, यजमानाच्या विंडोजवर, प्रोसेसची यादी काढा. प्रोसेस आयसोलेशन असेल तर ते पिंग यादीत सरळ सापडतं, क्रमांकही डॉकर दाखवतं तोच. हायपर-व्ही असेल तर पिंगचा मागमूस नसतो. दिसते ती फक्त आभासी यंत्र सांभाळणारी व्हीएमडब्ल्यूपी नावाची प्रोसेस. ही दुसरी भिंत जास्त भक्कम आहे, पण प्रत्येक कंटेनरमागे एक कर्नल सुरू होतो आणि मेमरी अडवून बसतो. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चार सर्व्हिसेस एकदम उभ्या करायच्या म्हटलं, की हा खर्च चांगलाच जाणवतो.

2016 मध्ये विंडोज 10 च्या प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांना कंटेनर मिळाले, पण हायपर-व्हीचेच. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं, की प्रत्यक्ष वापरात कंटेनर सर्व्हरच्या कर्नलवर चालणार, तर डेव्हलपरलाही तोच कर्नल मिळावा. या म्हणण्यात तथ्य आहे. लिनक्समध्ये प्रोग्रॅम कर्नलशी ज्या सिस्टिम कॉलमधून बोलतात, ते वर्षानुवर्षं मोडत नाहीत. विंडोजमध्ये त्यांचे क्रमांक एका बिल्डमधून, म्हणजे विंडोजच्या एका क्रमांकित आवृत्तीतून, दुसऱ्यात बदलू शकतात. म्हणून प्रोसेस आयसोलेशनमध्ये इमेजचा, म्हणजे कंटेनर ज्या साच्यातून तयार होतो त्याचा, बिल्ड आणि यजमानाचा बिल्ड जुळावा लागत असे. ऑक्टोबर 2018 च्या अपडेटमध्ये विंडोज 10 आणि सर्व्हर 2019 या दोघांचा बिल्ड क्रमांक 17763 झाला. डॉकर इंजिनाच्या 18.09 मालिकेत ती तपासणी सैल झाली आणि या बिल्डपासून पुढे डेस्कटॉपवर प्रोसेस आयसोलेशन चालू लागलं. अट एकच: फक्त डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगसाठी.

ही अट कर्नलमधून आलेली नाही. तोच लॅपटॉप, तोच कंटेनर. टेस्टिंग संपवून त्यावर धंद्याची खरी सेवा चालवली की परवाना मोडतो. सर्व्हरवर हिशेब आणखी वेगळा. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड परवान्यात प्रोसेस आयसोलेशनचे कंटेनर हवे तितके चालवता येतात, हायपर-व्हीचे मात्र दोनच. अमर्याद हवे असतील तर डेटासेंटर आवृत्ती घ्यावी लागते. म्हणजे भक्कम भिंत डेस्कटॉपवर दोनेक वर्षं सक्तीची होती, आणि सर्व्हरवर ती मोजून मिळते. मला हे खटकतं, कारण यातून चुकीचा धडा शिकला जातो. डेस्कटॉपवर बंदी होती म्हणजे प्रोसेस आयसोलेशन तिथे तांत्रिकदृष्ट्या चालतच नसणार, असं कुणालाही वाटेल. खरा सुरक्षेचा प्रश्न निराळा आहे: कंटेनरमधला कोड कुणाचा? आपल्याच टीमचा असेल तर एक आड पुरतो. अनोळखी माणसाचा असेल तर वेगळा कर्नलच हवा, मग यंत्र डेस्कटॉप असो की सर्व्हर.

डॉकर डेस्कटॉप या, डेव्हलपरच्या यंत्रावर वापरायच्या डॉकरच्या पॅकेजमध्येही अशीच एक गोष्ट आहे. ‘एन्हान्स्ड कंटेनर आयसोलेशन’ कंटेनरमधल्या रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला, बाहेरच्या लिनक्स यंत्रात बिनअधिकाराचा वापरकर्ता बनवतं. कंटेनर फोडून कुणी बाहेर आलंच, तर त्याच्या हाती फारसं काही लागत नाही. हे ज्या युजर नेमस्पेसवर उभं आहे ते लिनक्समध्ये 2013 पासून आहेत, आणि नुसतं डॉकर इंजिन वापरणाऱ्याला 2016 पासून तशी जोडणी फुकट करता येते. डॉकर डेस्कटॉपमध्ये मात्र ही सोय बिझनेस वर्गणीतच मिळते. घरी बसून शिकणाऱ्या मुलीनेही इंटरनेटवरची अनोळखी इमेज उतरवून चालवलेली असते, आणि तिच्याकडे ही वर्गणी नसते.