टॅब्लेटवर सगळं काम होईल का? लॅपटॉप बदलण्याआधी वाचा

नमस्कार,

गेलं वर्षभर काउंटरवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "लॅपटॉप आता थकलाय. नवा घेण्यापेक्षा टॅब्लेट घेतला तर सगळं त्यावरच होईल ना?" विचारणाऱ्यांत विमा एजंट आहेत, क्लासचे सर आहेत, वकील आहेत, मार्केट यार्डातले व्यापारी आहेत. प्रश्न वाढण्याला कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. मशीन चालू असतं, पण स्क्रीनवर सूचना येत राहतात. मग वाटतं, नाहीतरी पैसे घालायचेच आहेत, तर हलकं, सुटसुटीत काहीतरी घ्यावं.

आम्ही सांगलीत टॅब्लेट विकतो आणि लॅपटॉप दुरुस्तही करतो, त्यामुळे दोन्ही वस्तू रोज हाताखालून जातात. हे पत्रक वाचून तुम्ही काहीच न घेता परत गेलात तरी आम्हाला चालेल. चुकीची वस्तू नेऊन महिन्याभरात परत आलात, तर मात्र मनाला लागतं.

महिन्यातून एकदा येणारं काम

यार्डातले हळदीचे एक अडते आमचे जुने ग्राहक. लॅपटॉप मुलीला कॉलेजसाठी देऊन त्यांनी आमच्याकडून अकरा इंची टॅब्लेट, कीबोर्ड कव्हर आणि पेन असा पूर्ण संच नेला. पहिले पंधरा दिवस खूश होते. गोडाऊनमध्ये उभ्या उभ्या पोत्यांचे फोटो, ई-वे बिल, पार्टीला व्हॉट्सॲपवर बिलाची पीडीएफ, सगळं जागच्या जागी होत होतं. मग वीस तारीख आली. जीएसटीचं महिन्याचं ३बी रिटर्न भरायचं होतं आणि फर्म एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असल्यामुळे सही डिजिटलच लागते. रात्री आठला ते दुकानात आले, मुठीत डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, पेन ड्राइव्हसारखं टोकन. टाइप-सीचा कनेक्टर लावून आम्ही ते टॅब्लेटला जोडलं. टोकनवरचा बारीक दिवा लागला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. पण पोर्टलला टोकन दिसेना. दिसणारही नव्हतं. टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलवर सही उमटवणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरसाठी बनलेलं असतं. अँड्रॉइडवर किंवा आयपॅडवर ते बसत नाही. दिवा लागला होता तो फक्त वीज मिळाली म्हणून. शेवटी आमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी रिटर्न भरलं, तेव्हा साडेनऊ झाले होते.

चूक आमची होती. विकताना आम्ही "रोज काय काय काम करता?" असं विचारलं होतं. "महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच करता असं काय आहे?" हे विचारायचं राहिलं. आता हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो. रोजची कामं टॅब्लेटवर बहुतेक होऊन जातात. अडतं ते क्वचित येणारं काम, आणि नेमकं तेच मुदतीचं असतं.

तुमची कंपनी किंवा एलएलपी असेल, एमसीएचे (कंपनी कामकाज मंत्रालयाचे) फॉर्म भरत असाल, किंवा ठेकेदार म्हणून महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर निविदा टाकत असाल, तर टोकनसाठी एक विंडोज मशीन हाताशी हवंच. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर जीएसटीचं रिटर्न ओटीपीवरही भरता येतं. तिथे टॅब्लेटने अडत नाही.

टॅली, एक्सेल आणि मराठी टायपिंग

टॅलीप्राइम हे हिशोबाचं, विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. टॅब्लेटच्या ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघण्याची सोय आहे, पण दिवसभर व्हाउचर मारायचे असतील तर टॅब्लेट त्याची जागा नाही. टॅली क्लाउडवर ठेवून टॅब्लेटवरून वापरता येते, हे खरं. पण त्याचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं आणि इंटरनेट गेलं की हात बांधले जातात. दुकानात बसून एंट्री करणाऱ्याला आम्ही तो मार्ग सुचवत नाही.

एक्सेल टॅब्लेटवर चालतं, साध्या हिशोबाला उत्तम चालतं. मॅक्रो मात्र चालत नाहीत. तुमच्या शीटमध्ये एखादं बटण असेल आणि ते दाबल्यावर पगारपत्रक तयार होत असेल, तर ते मॅक्रो आहे. टॅब्लेटवर बटण दिसेल, दाबून काही होणार नाही. आणखी एक गोष्ट बरेचजण घरी गेल्यावर शोधून काढतात: वर्ड आणि एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनवर साधं एडिटिंग मोफत आहे, त्याहून मोठ्या स्क्रीनला मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सबस्क्रिप्शन लागतं. अकरा इंची टॅब्लेट घेताना तो वार्षिक खर्च किमतीत धरा, किंवा गूगल शीट्सवर काम भागतं का ते आधी बघा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करत असाल, म्हणजे मोबाइलवर जसं मराठी लिहिता तसंच, तर काळजी नाही. पण वर्षानुवर्षं श्री-लिपीच्या किंवा कृतिदेवच्या फॉन्टमध्ये काम केलं असेल, तर जुनी फाइल टॅब्लेटवर उघडून बघाच. संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि अवतरणचिन्हांची रांग दिसेल. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे नुसतं इंग्रजी अक्षराला चढवलेलं रूप असतं. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण बदलल्यावर "दुसऱ्या", "वाऱ्यावर" अशा शब्दांतला अर्धा ऱ, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावे लागतात. पत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंक लावणाऱ्या डीटीपीवाल्यांनी विंडोज सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नव्याने लिहिणाऱ्यांना टॅब्लेटचा एक मोठा फायदा मिळतो, तो बोलून लिहिण्याचा. गूगलचं व्हॉइस टायपिंग मराठी बऱ्यापैकी पकडतं. आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका दोन बोटांनी टाइप करायच्या. आता त्या आठवणी बोलून उतरवतात आणि नंतर शुद्धलेखन तपासतात. वेगळा कीबोर्ड लावणार असाल तर इनस्क्रिप्ट की फोनेटिक, तुमच्या सवयीची पद्धत त्या टॅब्लेटवर त्या कीबोर्डने उमटते का, हे दुकानातच चार ओळी टाइप करून बघा. खोक्यावर ते लिहिलेलं नसतं.

प्रिंटर

सांगली-मिरजेत प्रत्येक दुसऱ्या ऑफिसात कॅनन एलबीपी २९०० दिसतो. दणकट मशीन आहे. पण त्याला वाय-फाय नाही, फक्त यूएसबी आहे, आणि ड्रायव्हर कॉम्प्युटरचा लागतो. टॅब्लेटवरून त्यावर थेट प्रिंट निघणार नाही. बिलासाठी यूएसबीचा डॉट मॅट्रिक्स वापरत असाल तर तीच अडचण. नवा वाय-फाय प्रिंटर हा वेगळा खर्च आहे, तो टॅब्लेटच्या किमतीत मिळवून मगच तुलना करा.

टॅब्लेट जिथे खरंच सरस ठरतो

आतापर्यंत आम्ही अडचणीच सांगितल्या, म्हणून वाटेल की आम्हाला टॅब्लेट पटत नाही. तसं नाही. ज्याचं काम वाचण्याचं, सही घेण्याचं, फोटो काढण्याचं, समजावून सांगण्याचं आहे, त्याला लॅपटॉपपेक्षा टॅब्लेट जास्त उपयोगी पडतो, आणि हे आम्ही रोज बघतो.

कोर्टात जाणारे वकील बघा. चारशे पानांचं प्रकरण पीडीएफमध्ये, त्यावर पेनने लाल-पिवळ्या खुणा, न्यायाधीशांनी पान विचारलं की दोन सेकंदांत समोर. उभ्याने, एका हातात धरून. लॅपटॉप उघडून हे करताना आम्ही कुणाला बघितलेलं नाही. क्लासचे सर टॅब्लेटवर गणित सोडवतात, ते भिंतीवर प्रोजेक्टरने दिसतं, आणि तास संपला की तीच वही पीडीएफ होऊन मुलांच्या ग्रुपवर जाते. विम्याचे सर्व्हेअर अपघाताच्या जागी फोटो काढून त्यावरच खूण करतात. कुपवाडच्या एमआयडीसीतले सुपरवायझर ड्रॉइंग घेऊन मशीनपाशी उभे राहतात. इथे ड्रॉइंग बघणं आणि किरकोळ बदल करणं एवढंच धरा. ऑटोकॅडमध्ये नवं ड्रॉइंग काढायला कॉम्प्युटरच हवा.

मग बॅटरी. चांगला टॅब्लेट साध्या कामाला नऊ-दहा तास जातो, आणि टाइप-सीच्या पॉवर बँकेवर चार्ज होतो. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली तरी काम थांबत नाही. बहुतेक टॅब्लेटमध्ये पंखा नसतो, त्यामुळे हळदीच्या, पिठाच्या धुळीत लॅपटॉपसारखा तो आतून चोंदत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे साफसफाईला येणारे लॅपटॉप उघडले की पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसलेला असतो. त्यातले निम्मे "स्लो झालाय" म्हणून आलेले असतात, आणि साफ करून प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली की नीट चालतात.

"टॅब्लेट म्हणजे मोठा मोबाइल" हे मत जुनं झालं, हेही सांगायला हवं. आयपॅडला मार्च २०२० मध्ये माउस आणि ट्रॅकपॅडचा पूर्ण सपोर्ट आला. २०२५ च्या आयपॅडओएस २६ पासून खिडक्या कॉम्प्युटरसारख्या हव्या तेवढ्या ओढून शेजारी शेजारी मांडता येतात. सॅमसंगच्या वरच्या टॅब्लेटमध्ये डेक्स नावाची सोय आहे, ती चालू केली की स्क्रीन कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपसारखी होते. मोठा मॉनिटर जोडणार असाल तर मात्र मॉडेल नीट विचारा: साध्या आयपॅडवर मॉनिटरला तेच चित्र मोठं दिसतं, एअर आणि प्रोच्या एम मालिकेच्या चिपवाल्या मॉडेलांवर मॉनिटर वेगळी स्क्रीन म्हणून वापरता येतो.

वजनाच्या बाबतीत एक भ्रम आहे. नुसता अकरा इंची टॅब्लेट साधारण अर्ध्या किलोचा असतो, पण चांगला कीबोर्ड लावला की वजन दुपटीच्या आसपास जातं. फक्त हलकं म्हणून टॅब्लेट घेऊन वर दिवसभर कीबोर्डच बडवणार असाल, तर सव्वा किलोचा लॅपटॉप मांडीवर जास्त स्थिर बसतो.

बिघडला तर काय

हा भाग कृपया सोडू नका. लॅपटॉप मेला तरी त्यातली डिस्क बहुतेक वेळा काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, आणि ओसरल्यावर लोक चिखलाने भरलेले सीपीयू पोत्यात घालून आणत होते. हार्ड डिस्क धुऊन, वाळवून, जोडून बघायच्या. सगळ्यांचा डेटा निघाला नाही, पण काहींची वर्षानुवर्षांची खाती परत मिळाली. तेच टॅब्लेटमध्ये होत नाही. त्याची मेमरी मदरबोर्डवरच पक्की जोडलेली आणि कुलूपबंद असते. बोर्ड गेला की डेटा गेला, आम्ही कितीही प्रयत्न केले तरी.

म्हणून टॅब्लेट मुख्य कॉम्प्युटर करणार असाल तर बॅकअप पहिल्या दिवसापासून चालू हवा. गूगलवर १५ जीबी मोफत मिळते, आयक्लाउडवर ५ जीबी. धंद्याच्या कामाला बहुतेकांना वाढवून घ्यावी लागते. शिवाय आठवड्यातून एकदा महत्त्वाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. विंडोजच्या एनटीएफएस या फॉरमॅटवर आयपॅडला लिहिता येत नाही. आतलं स्टोरेज नंतर वाढत नाही, म्हणून घेतानाच किमान १२८ जीबी घ्या, आणि काही अँड्रॉइड टॅब्लेटला मेमरी कार्डची जागा असते ती आहे का बघा.

आम्ही बहुतेकांना काय सुचवतो

जुना लॅपटॉप विकू नका. त्यात हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. नव्या मशीनच्या मानाने हा खर्च फार थोडा आहे. हा लॅपटॉप ऑफिसात टोकन, टॅली आणि प्रिंटरला जोडून ठेवा. विंडोज १० असेल तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घेता येतात, त्याची नोंदणी कशी करायची ते आम्ही दाखवतो. बाकी दिवसभर टॅब्लेट वापरा, आणि अडलंच तर रिमोट डेस्कटॉपने टॅब्लेटवरून ऑफिसच्या लॅपटॉपवर काम करा.

रिमोटचं ॲप वापरताना एक पथ्य पाळा. फोनवर कुणी, बँकेचा म्हणो किंवा आमच्या दुकानाचा, त्या ॲपमधला कोड मागितला तर देऊ नका. आम्ही तो फोनवर कधीच मागत नाही. फसवणूक झाली असं वाटलं तर लगेच १९३० ला फोन करा. पहिला तास फार मोलाचा असतो.

टॅब्लेटवरच विंडोज हवं असेल तर तसेही टॅब्लेट मिळतात, सरफेस प्रो त्यातलाच. टॅली चालते, बहुतेक टोकनही चालतात. फक्त प्रोसेसर इंटेलचा आहे की स्नॅपड्रॅगनचा ते बघा. स्नॅपड्रॅगनवाल्यावर टोकनचा आणि जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्याच प्रोसेसरसाठी बनलेला असावा लागतो, नसेल तर पुन्हा तीच रात्री आठची वेळ.

दुकानात येताना

येण्याआधी आठ दिवस एका कागदावर लिहीत जा: लॅपटॉप कशाकशासाठी उघडला. मग मागच्या मार्चमध्ये काय काय केलं ते आठवून त्याखाली लिहा. तो कागद, डीएससी असेल तर टोकन, प्रिंटरच्या मॉडेलचा फोटो आणि तुमची नेहमीची एक एक्सेल व एक मराठी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन या. आमच्या टेबलावर दोन टॅब्लेट कीबोर्डसकट जोडून ठेवलेले आहेत. अर्धा तास बसा, तुमचंच काम त्यावर करून बघा. गर्दी नको असेल तर सकाळी दुकान उघडल्या उघडल्या या.