तिजोरी कुणी बंद केली? वास्तववाद आणि निसर्गवाद यांतला फरक

इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्यांना ‘रिअॅलिझम’ आणि ‘नॅचरलिझम’ हे दोन शब्द बहुतेक एकाच आठवड्यात भेटतात आणि पुढे कायमचे एकमेकांत मिसळून जातात. मराठीतून विचार करणाऱ्याची अडचण दुहेरी असते. ‘वास्तववाद’ म्हटलं की अर्थ निदान अंदाजाने कळतो, पण ‘निसर्गवाद’ म्हटलं की डोळ्यांपुढे बालकवींची हिरवळ येते, नाहीतर वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्स. मग निसर्गवादावरच्या प्रश्नाला स्वच्छंदतावादी कवितेचं उत्तर लिहिलं जातं. मी अशी उत्तरं तपासली आहेत. त्यात मुलांचा दोष फारसा नसतो, शब्दच फसवा आहे.

हा निसर्ग डोंगर-झऱ्यांचा नाही, शास्त्रज्ञाच्या टेबलावरचा आहे. रक्त, वंश, भूक, हवामान, गर्दीचं शहर अशा ज्या शक्ती माणसाला न विचारता त्याच्यावर काम करतात, त्यांचा तो निसर्ग. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात, ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणतात. ही दोन वाक्यं एखाद्याने शास्त्राचा सिद्धांत म्हणून गंभीरपणे मानली आणि त्यांवर कादंबरी उभी केली, तर ती निसर्गवादाच्या बरीच जवळ जाईल.

पाठ्यपुस्तकांत या दोन्हींतला फरक साधारण असा देतात: निसर्गवाद म्हणजे टोकाला नेलेला वास्तववाद. वास्तववाद मध्यमवर्गाचा, निसर्गवाद झोपडपट्टीचा. वास्तववादात जरा उजेड, निसर्गवादात सगळा अंधार. मला ही विभागणी अपुरी वाटते आणि काही ठिकाणी सरळ चुकीची. मार्क ट्वेनचा हक फिन हा दारुड्या बापाचा बेघर पोर आहे, तरी त्याची गोष्ट वास्तववादाचा मोठा नमुना मानली जाते. उलट थिओडोर ड्रायझरच्या ‘सिस्टर कॅरी’ या कादंबरीतला हर्स्टवुड शिकागोतल्या झगमगत्या मद्यालयाचा व्यवस्थापक आहे, उत्तम कपडे घालणारा, ओळखीपाळखीचा माणूस. तरी ती कादंबरी अमेरिकी निसर्गवादाच्या केंद्रस्थानी आहे.

मी मुलांना एकच गोष्ट शोधायला सांगतो. कादंबरीतल्या माणसाला काहीतरी ठरवायचं आहे असं पान काढा, आणि तिथे ठरवतं कोण ते बघा.

आधी विल्यम डीन हॉवेल्स. ‘अटलांटिक मंथली’चा हा संपादक १८७१ ते १८८१ अशी दहा वर्षं त्या खुर्चीवर होता, आणि अमेरिकेत वास्तववादाची बाजू त्याच्याइतकी नेटाने कुणी मांडली नाही. वास्तववाद म्हणजे साहित्यद्रव्याशी सत्याने वागणं, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही, अशी त्याची व्याख्या. लेखकाने पुठ्ठ्याचा आदर्श नाकतोडा रंगवण्यापेक्षा गवतातला खरा नाकतोडा बघावा, हा त्याचाच दाखला. त्याची ‘द राइझ ऑफ सायलस लॅफम’ १८८५ची. सायलस व्हरमाँटच्या शेतावरून आलेला, खनिज रंगाच्या धंद्यात श्रीमंत झालेला बॉस्टनचा व्यापारी. जुन्या घरंदाज लोकांत बसण्यासाठी तो बीकन स्ट्रीटवर मोठं घर बांधायला काढतो. जेवणाच्या आमंत्रणाला जातो आणि वाइनची सवय नसल्यामुळे पिऊन नको तितकं बोलतो. पुढे धंदा घसरतो. बांधत असलेलं घर जळून जातं, आणि त्याचा विमा आदल्याच आठवड्यात संपलेला असतो.

विमा नेमका तेव्हाच संपावा! निसर्गवादी कादंबरीकाराला एवढ्यावर माणूस बुडवता आला असता. हॉवेल्स तसं करत नाही. तो आगीनंतर सायलसपुढे खरा प्रश्न ठेवतो. सायलसच्या ताब्यातल्या गिरण्यांची किंमत रेल्वे कंपनी केव्हाही पाडू शकते. त्या गिरण्या विकत घ्यायला काही इंग्रज मध्यस्थ तयार आहेत. गिरण्या विकल्या तर तो वाचेल, पण ज्यांच्या पैशाने व्यवहार होईल ते दूर इंग्लंडमधले लोक बुडतील. त्याचा जुना भागीदार रॉजर्स, ज्याच्याशी सायलस पूर्वी धड वागलेला नाही, वाट सुचवतो: मला वीक, पुढचं माझं मी बघतो. कायद्याने सायलसचे हात स्वच्छ राहिले असते. त्या रात्री सायलस खोलीत येरझारा घालत राहतो. बायकोला पावलांचा आवाज ऐकू येत राहतो आणि तिला बायबलमधला देवदूताशी झुंजणारा याकोब आठवतो. सायलस विकत नाही. शेवटी पैसा जातो आणि तो व्हरमाँटला परततो. शीर्षकातलं ‘उत्थान’ हे आहे.

त्या रात्री सायलसच्या आजूबाजूला दबाव कमी नव्हते. बाजार, कर्ज, रेल्वे, जुन्या भागीदाराचं ओझं, सगळं होतं. वास्तववादी लेखकाला परिस्थिती दिसत नाही असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज एलियटने तर ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१–७२) परिस्थितीचे बारीक धागे माणसाभोवती कसे गुंडाळले जातात तेच दाखवलं. तरुण डॉक्टर लिडगेटला रुग्णालयाच्या धर्मोपदेशकासाठी मत द्यायचं असतं. मनाने तो फेअरब्रदरच्या बाजूचा, पण ज्याच्यावर आपली सगळी योजना अवलंबून आहे त्या बँकरला टाइक हवा असतो. मतं समसमान पडतात आणि निकाल लिडगेटच्या कागदावर येऊन थांबतो. तो लिहितो ‘टाइक’. धागे खरे आहेत, पण लेखणी त्याच्या हातात आहे, आणि ते त्याला पुढे कितीतरी दिवस टोचत राहतं. टोचणी लागण्यासाठी आधी स्वतः ठरवलेलं असावं लागतं. हेन्री जेम्सच्या ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’मधली इझाबेल आर्चर विझत्या शेकोटीपुढे रात्रभर बसून आपलं लग्न उलगडत राहते. हक फिन जिमच्या मालकिणीला लिहिलेलं पत्र फाडतो आणि ‘मग जाईन मी नरकात’ म्हणतो. मला ही सगळी पानं एकाच कुळातली वाटतात.

आता थिओडोर ड्रायझर. ‘सिस्टर कॅरी’ १९००ची. हर्स्टवुड रात्री मद्यालय बंद करून कार्यालयात येतो. थोडी प्यालेला आहे. घरी बायकोशी भांडण विकोपाला गेलंय, आणि मनात कादंबरीची तरुण नायिका कॅरी आहे. रोखपाल तिजोरीला कुलूप लावायचं विसरलाय. आत दहा हजारांहून जास्त डॉलर. तो पैसे बाहेर काढतो, बॅगेत घालतो. भीती वाटते, परत ठेवतो. मग लक्षात येतं की रकमा चुकीच्या डब्यांत गेल्या, म्हणून पुन्हा बाहेर काढतो. नोटा हातात असताना कुलूप खटकन बसतं.

तिजोरी त्याने बंद केली का? ड्रायझर हा प्रश्न त्याच जागी विचारतो आणि उत्तर देत नाही. हर्स्टवुड मूठ धरून ओढून बघतो. दार उघडत नाही. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्या खटक्यातून निघतं. कॅरीला खोटं सांगून आगगाडीत बसवणं, माँट्रियल, पकडला गेल्यावर बहुतेक रक्कम परत करणं, न्यूयॉर्कमध्ये हळूहळू खाली येणं, ब्रुकलिनच्या ट्राम-संपात संपकऱ्यांच्या जागी काम करायला जाणं, भीक, आणि शेवटी स्वस्त भाड्याच्या खोलीत गॅस सोडून मरणं. तो चोर आहे असं म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. सायलसची रात्र आणि हर्स्टवुडची रात्र यांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर आहे. दोन्हीकडे माणूस एकटा आहे, दोन्हीकडे पैसा आहे. एकीकडे ऐकू येतात पावलं, दुसरीकडे कुलूप.

ड्रायझर तर याहून पुढे जातो. हर्स्टवुडची उतरंड समजावताना तो म्हणतो की खिन्नतेमुळे रक्तात ‘कॅटास्टेट’ नावाची विषं तयार होतात. ते शास्त्र टिकलं नाही. पण एका माणसाचं मन खचणं रसायनाच्या भाषेत सांगावंसं वाटणं, ही वृत्ती पूर्ण निसर्गवादी आहे.

ही वृत्ती आली फ्रान्समधून. एमिल झोलाने ‘तेरेझ राकॅं’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत १८६८ मध्ये सांगून टाकलं की मला व्यक्तिरेखा नव्हे, प्रकृती अभ्यासायच्या होत्या, नसा आणि रक्त यांच्या ताब्यात गेलेली, स्वतंत्र इच्छा नसलेली माणसं. १८८० मध्ये त्याने क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाच्या ग्रंथाचा आधार घेऊन कादंबरी हा प्रयोग आहे असा सिद्धांत मांडला. एकाच कुटुंबाच्या पिढ्यांवर त्याने वीस कादंबऱ्या लिहिल्या. इंग्लंडला हे पचलं नाही. झोलाची भाषांतरं छापणाऱ्या हेन्री व्हिझेटेली या वृद्ध प्रकाशकाला १८८९ मध्ये तीन महिने तुरुंगात घातलं गेलं. ब्रिटनमध्ये जॉर्ज मूर, काही अंशी गिसिंग, एवढेच लेखक या वाटेने गेले. बीज जोमाने रुजलं ते अमेरिकेत, जिथे शहरं डोळ्यांदेखत फुगत होती.

स्टीफन क्रेनने ‘मॅगी’ १८९३ मध्ये स्वतःच्या पैशाने, टोपणनावाने छापली. न्यूयॉर्कच्या बावरी या गरीब वस्तीतली मुलगी, दारू आणि मारामारीचं घर, शेवट नदीकाठी. परिस्थिती ही या जगात प्रचंड गोष्ट आहे, असं त्याने भेट दिलेल्या प्रतींवर लिहिलं होतं. पण मला त्याचा निसर्गवाद ‘द ओपन बोट’मध्ये जास्त खोल वाटतो. १८९७च्या जानेवारीत फ्लोरिडाजवळ जहाज बुडून तो स्वतः छोट्या होडीत अडकला होता, त्यावरची ही कथा. होडीत चौघं. किनाऱ्यावर एक उंच पवनचक्कीचा मनोरा दिसतो, मुंग्यांच्या हालाकडे पाठ करून उभ्या असलेल्या राक्षसासारखा. निसर्ग क्रूर नाही आणि दयाळूही नाही, त्याला फक्त देणंघेणं नाही. चौघांतला सर्वांत दणकट, सर्वांत कष्ट केलेला माणूसच किनाऱ्याजवळ मरतो. वर्ड्‌स्वर्थचा निसर्ग माणसाशी बोलतो. हा बोलत नाही. डॅफोडिल्सचा गोंधळ ज्यांचा अजून गेला नसेल त्यांनी ही एक कथा वाचावी.

फ्रँक नॉरिसकडे आल्यावर ‘टोकाला नेलेला वास्तववाद’ ही व्याख्या तर मोडूनच पडते. नॉरिसच्या मते निसर्गवाद हा वास्तववादाचा नव्हे, रोमँटिक कथेचा वारस. झोलाला त्याने रोमँटिक लेखक म्हटलं, आणि हॉवेल्सच्या पद्धतीला फुटलेल्या कपबशीचं नाटक. त्याची ‘मॅकटीग’ (१८९९) वाचली की तो काय म्हणतो ते पटतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोक स्ट्रीटवरचा धिप्पाड, मंद दंतवैद्य, बायकोला लागलेली पाच हजार डॉलरची सोडत, तिचं नाण्यांवर झोपणं, तिचा खून, आणि शेवटी डेथ व्हॅलीच्या वाळवंटात प्रेताला हातकडीने जखडलेला तो आणि पिंजऱ्यातला अर्धमेला कॅनरी. कपबशी फुटण्याच्या घरगुती प्रमाणात हे बसत नाही. वास्तववादी लेखक आवाज खाली ठेवतो, निसर्गवादी बऱ्याचदा चढवतो. सोन्याचा तो अवाढव्य दात, जो मॅकटीग दुकानावर पाटी म्हणून टांगतो, हॉवेल्सच्या कादंबरीत मावला नसता.

म्हणून ही दोन घराणी एकमेकांची वैरी होती असं मात्र समजू नये. हॉवेल्सनेच ‘मॅगी’च्या १८९६च्या इंग्लंडमधल्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, ‘मॅकटीग’चं परीक्षणही आपुलकीने केलं. अमेरिकी आयुष्याच्या हसऱ्या बाजू बघा म्हणणारा हाच माणूस १८८७ मध्ये शिकागोतल्या हेमार्केट बॉम्बस्फोट खटल्यातल्या कैद्यांच्या बाजूने जाहीर पत्र लिहायला धजला होता. आणि ‘सिस्टर कॅरी’चं हस्तलिखित प्रकाशनसंस्थेत वाचून तिची शिफारस करणारा नॉरिसच होता.

इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीचं काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याच्या ‘टेस’ कादंबरीत टेसने लिहिलेलं कबुलीपत्र दाराखालून सरकवताना गालिच्याखाली जातं आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला, एंजलला, मिळत नाही. तिजोरीच्या कुलपासारखंच हे, पण मी हार्डीला निसर्गवादी म्हणणार नाही. त्याच्याकडे माणसाला पाडणारी गोष्ट योगायोग आणि नियतीच्या भाषेत येते, रक्त-रसायनाच्या नाही, आणि टेसच्या मनाची शुद्धता त्याने कधी पणाला लावली नाही.

माझी कसोटी खरी अडते ती ईडिथ व्हार्टनच्या ‘द हाउस ऑफ मर्थ’पाशी (१९०५). लिली बार्ट न्यूयॉर्कच्या श्रीमंत वर्तुळात वाढलेली, स्वतःचा पैसा नसलेली. पहिल्याच प्रकरणात तिच्या हातातल्या कंकणाच्या कड्या नशिबाशी जखडणाऱ्या बेड्यांसारख्या दिसतात. पुढे कुठे ती खडकावरून उपटलेल्या समुद्रफुलाइतकी असहाय म्हटली जाते. हे सरळ निसर्गवादी बोलणं आहे. पण तिच्याकडे शत्रूची पत्रं असतात, ज्यांच्या जोरावर ती आपली जागा परत मिळवू शकली असती, आणि ती ती पत्रं शेकोटीत टाकते. सायलसने केलं तेच. शेवटच्या रात्री आत्याकडून आलेल्या दहा हजार डॉलरमधून ती नऊ हजारांचं देणं फेडणारा धनादेश लिहिते. सही करते, पाकीट बंद करते. मग झोप यावी म्हणून क्लोरलची बाटली उचलते. रोजच्यापेक्षा किती थेंब जास्त पडले, आणि ते पडले की तिने पाडले, हे व्हार्टन सांगत नाही.