गुलाबी रंगाला फ्रिक्वेन्सी नसते

घटस्थापना जवळ आली की सोसायटीच्या, ऑफिसच्या आणि माहेरच्या अशा झाडून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नऊ रंगांचा तक्ता येऊन पडतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी आणि उरलेल्या दोन दिवसांना मोरपिशी, जांभळा नाहीतर गुलाबी. रंग वारावरून ठरतात. गेल्या दोनेक दशकांत वर्तमानपत्रांनी ही हौस रुजवली आणि मुंबईतल्या नोकरदार बायकांनी ती उचलून धरली. मलाही ती आवडते, कपाटातली राखाडी साडी वर्षातून एकदा तरी बाहेर निघते.

माझं भांडण आहे ते तक्त्याला अलीकडे चिकटलेल्या तिसऱ्या रकान्याशी. ‘लाल : उच्च फ्रिक्वेन्सी, शरीरात ऊर्जा वाढते. निळा : मन शांत होते. गुलाबी : प्रेमाच्या लहरी.’ आणि खाली ठळक अक्षरांत, ‘हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे.’

आधी फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे कंपनसंख्येचा, हिशेब उरकून टाकू. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशात लाल रंगाची कंपनसंख्या सगळ्यांत कमी, सेकंदाला साधारण ४३० लाख कोटी. निळ्याची ६७० लाख कोटींच्या आसपास. प्रकाशकणाची ऊर्जा कंपनसंख्येच्या प्रमाणात वाढते हे दहावी-बारावीला सगळ्यांनी वाचलेलं असतं. म्हणजे तक्त्याने ज्याला ऊर्जेचा खजिना ठरवलं तो लाल या हिशेबात सगळ्यांत गरीब निघतो. शिवाय लाल साडी लाल दिसते ती लाल प्रकाश परत पाठवते म्हणून. बाकीचा प्रकाश ती शोषून घेते आणि त्याची उष्णता होते, ती मात्र अंगाला लागू शकते. काळ्या कपड्यात जास्त उकडतं ते याच कारणाने.

गुलाबीची गंमत याहून मोठी. इंद्रधनुष्यात गुलाबी शोधून दाखवा. सापडत नाही, कारण गुलाबी नावाची एकच एक तरंगलांबी, म्हणजेच एकच एक कंपनसंख्या, अस्तित्वातच नाही. आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांचा सर्वाधिक प्रतिसाद साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या प्रकाशाला मिळतो. राणी रंगाची साडी लाल आणि निळा प्रकाश परत पाठवते, मधला हिरवा गिळते. या तीन पेशींकडून आलेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून मेंदू जे उत्तर काढतो ते गुलाबी. पांढऱ्याचं आणि राखाडीचं तेच, सगळ्या तरंगलांबी सारख्या प्रमाणात परत आल्या की हे रंग दिसतात, फक्त राखाडीत कमी येतात. तक्त्यातल्या या तीन जागी फ्रिक्वेन्सीचा रकाना कोरा सोडावा लागेल.

मुंबईतल्या हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात जाणत्या बायका पसंत पडलेली साडी घेऊन दारापर्यंत जातात आणि पदर उन्हात धरून बघतात. आतल्या दिव्यांखाली वांगी वाटलेला रंग बाहेर कधीकधी चक्क वाइन निघतो. पण असा धक्का क्वचित बसतो, हे जास्त नवलाचं आहे. तीच साडी घरच्या ट्यूबखाली, पिवळ्या बल्बखाली आणि चौपाटीवरच्या संध्याकाळच्या उन्हात डोळ्यांत अगदी निरनिराळं मिश्रण पाठवत असते. तरीही आपल्याला ती ‘तीच’ दिसते, कारण मेंदू भोवतालच्या उजेडाचा अंदाज बांधून तो वजा करतो. लहरींनी मन बदलत असेल, तर एकाच साडीत दिवसातून तीनदा मन बदलायला हवं.

इथवर सोपं होतं. पण इथेच थांबले तर बेइमानी होईल, कारण प्रकाशाचा रंग मनापर्यंत नेणारी एक वाट डोळ्यांत खरोखरच आहे. ती माझी अत्यंत लाडकी आहे, त्यामुळे थोडी रेंगाळणार.

१९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या क्लाइड कीलरला एक विचित्र गोष्ट दिसली होती. ज्या उंदरांचं दृष्टिपटल जन्मतःच सदोष होतं, जे जवळजवळ आंधळे होते, त्यांच्या डोळ्यांवर उजेड टाकला तर बाहुली आकसत होती. आता ज्याला दिसत नाही त्याच्या बाहुलीला उजेड कळतो कसा? पाठ्यपुस्तकात प्रकाश ओळखणाऱ्या दोनच पेशी होत्या, अंधुक उजेडासाठी दंडपेशी आणि रंगांसाठी शंकुपेशी. कीलरचं निरीक्षण पुढे कित्येक दशकं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग १९९५ मध्ये चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की काही पूर्णपणे अंध माणसांच्या डोळ्यांवर रात्री प्रखर उजेड पडला तर त्यांच्याही रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक, उतरतं. उजेड दिसल्याची जाणीव त्यांना अजिबात नव्हती.

उत्तर आलं बेडकाच्या कातडीतून. आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशी उजेडाला प्रतिसाद देतात. तिथे इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना १९९८ मध्ये एक नवं प्रकाशसंवेदी प्रथिन सापडलं, मेलानोप्सिन. मग तेच प्रथिन माणसाच्या डोळ्यातही मिळालं, आणि तेही भलत्याच ठिकाणी. दृष्टिपटलाच्या आतल्या थरात गुच्छिका पेशी असतात. दंड-शंकूंनी टिपलेलं मेंदूकडे नेऊन पोचवायचं, एवढंच त्यांचं काम असं सगळे समजत होते. त्यांच्यातल्या काही पेशी स्वतःच प्रकाश टिपत होत्या, म्हणजे पोस्टमनच घरी बसून पत्रं लिहीत होता. २००२ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन यांनी उंदराच्या दृष्टिपटलातल्या अशा पेशी गाठल्या. दंड आणि शंकूंकडून येणारे संदेश औषधांनी बंद पाडले, पेशी शेजाऱ्यांपासून तोडून एकटी केली, तरी उजेड पडला की ती संदेश पाठवत राहिली.

हिचा स्वभाव बाकीच्यांहून वेगळा. आपल्या डोळ्यातल्या दहा-बारा लाख गुच्छिका पेशींत या जेमतेम काही हजार. कडा, आकार, चेहरे यांच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. त्या सावकाश जाग्या होतात आणि उजेड असेपर्यंत एका सुरात बोलत राहतात, एकूण किती उजेड आहे याची मिनिटामिनिटांची बेरीज ठेवतात. त्यांना सगळ्यांत जास्त कळतो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा, निरभ्र आकाशाच्या जातीचा निळा. त्यांचा निरोप जातो हायपोथॅलॅमसमधल्या सुप्राकायझमॅटिक केंद्रकाकडे, म्हणजे शरीराच्या घड्याळाकडे, आणि तिथून पिनियल ग्रंथीकडे, जिथे मेलाटोनिन तयार होतं. दिवसा या पेशी ओरडत असल्या की शरीर जागं राहतं, रात्री गप्प बसल्या की झोप उतरते. रात्री मोबाइलचा प्रकाश डोळ्यांवर नको म्हणतात त्यामागे हीच पेशी.

आणि मनःस्थिती? २०१८ मध्ये समेर हत्तार यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की याच पेशींची एक वेगळी वाट घड्याळाला वळसा घालून मेंदूतल्या थॅलॅमसमधल्या पेरिहॅबेन्युलर केंद्रकाकडे जाते आणि तिथून मनोव्यवहाराशी संबंधित भागांकडे. अवेळी उजेड देऊन उंदरांना खिन्न करता येतं ते या वाटेने. ती तोडली की उजेड तोच असूनही खिन्नता येत नाही. मला हे वाचून खुर्चीतून उठावंसं वाटलं होतं, तुम्हाला तसं नसेल वाटलं तर एवढंच लक्षात ठेवा, की डोळ्यातून मनाकडे जाणारी, ‘बघण्या’शी संबंध नसलेली एक तार आहे.

आता ही तार तक्त्याला जोडून बघा. पेशीला सगळ्यांत जास्त जागं करतो निळा, आणि लाल तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. तक्ता म्हणतो लाल उत्तेजक, निळा शांत. खरा शरीरशास्त्रीय पुरावा नेमका उलट्या बाजूला उभा आहे.

पण निळ्या साडीवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. काही देशांत हिवाळ्यातल्या उदासीवर प्रकाशोपचार करतात, तिथे रोज सकाळी अर्धा तास सुमारे १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्यासमोर बसवतात. आपल्या ऑफिसात टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतात. त्यातला चौथा हिस्सा साडीने परत पाठवला आणि नजरेचा दहावा भाग साडीने व्यापला असं धरू, तरी ढोबळ हिशेबाने डोळ्याशी आठ-बारा लक्स पोचतात. मुंबईत ढगाळ सकाळी नुसतं गॅलरीत उभं राहिलात तरी काही हजार लक्स फुकट मिळतात, अंगात गाऊन कुठल्याही रंगाचा असो.

रंग त्वचेतून आत शिरतो, असंही रंगचिकित्सेच्या जाहिरातींत असतं. प्रकाश त्वचेतून काम करतो हे खरं आहे, उत्तम उदाहरण म्हणजे नवजात बाळाची कावीळ. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचं, म्हणजे काविळीतल्या पिवळ्या द्रव्याचं, रूप बदलतो आणि ते शरीराबाहेर टाकता येतं. त्यासाठी बाळाचे कपडे काढून त्याला दिव्याखाली ठेवतात. निळं झबलं घालून कावीळ उतरल्याचं एकही बालरोगतज्ज्ञ सांगणार नाही. पैसे घेऊन रंगीत पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्यांना हा प्रश्न एकदा विचाराच.

मग कपड्याच्या रंगाने काहीच होत नाही का? होतं की. पण ते अर्थातून होतं, आणि अर्थ माणसं देतात. वर्षभर ज्या काळ्याला आपल्याकडे शुभकार्यात मज्जाव, तोच संक्रांतीला चंद्रकळेच्या रूपात हलव्याच्या दागिन्यांसह मिरवतो. काळा रंग ऊब देतो म्हणून, असं कारण देतात. मुंबईच्या जानेवारीत दुपारी घाम पुसत हळदीकुंकू करणाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवावं. रंग तोच, तरंगलांबी तीच, एका दिवसापुरता अपशकुनाचा शकुन झाला आणि नव्या सुनेचा चेहरा खुलला. हिरवा चुडा आणि हळदीची पिवळी साडी अंगावर आल्यावर मनात जे होतं, तेही याच खात्यात जमा.

राखाडीचं बघा. वेगवेगळ्या ३० देशांतल्या साडेचार हजारांवर लोकांना रंग आणि भावना यांच्या जोड्या लावायला सांगणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात राखाडीच्या वाट्याला बहुतेक दुःख आणि निराशाच आली. पण नवरात्रातल्या शनिवारी राखाडी कपड्यांनी भरलेल्या लेडीज डब्यात चढून दाखवा. सेल्फी चालू असतात, अनोळखी बाई सरकून चौथी सीट देते. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताइफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे गट पाडले होते. तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडतात, तुम्हाला कँडिन्स्कीची, असं सांगून, प्रत्यक्षात वाटेल तसे. तेवढ्यावर मुलं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. डब्यात एका रंगाने हेच होतं. आणि ज्या मुलीकडे राखाडी काहीच नाही, तिला ऑफिसच्या फोटोत मागच्या रांगेत ढकलतात, तेव्हा याची दुसरी बाजूही दिसते.

अंगावरचा रंग आपल्यापेक्षा समोरच्यालाच जास्त दिसतो, हे आपण विसरतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि कुस्तीत खेळाडूंना लाल-निळे पोशाख चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले होते. लालवाले सुमारे ५५ टक्के सामने जिंकले, असं हिल आणि बार्टन यांनी २००५ मध्ये दाखवलं आणि ‘लाल रंगाची ताकद’ जगभर गाजली. २००८ मध्ये जर्मन संशोधकांनी तायक्वांदोच्या ४२ पंचांना तेच सामने पोशाखांचे रंग संगणकावर अदलाबदल करून दाखवले. खेळाडू तोच, लाथ तीच, पण लालवाल्याला सुमारे १३ टक्के जास्त गुण. म्हणजे रंग चढला होता तो पंचांच्या डोळ्यांवर. पुढे कित्येक वर्षांचे हजारो सामने तपासले, तर हा फायदा जवळपास नाहीसाच झाला. गुलाबीचीही अशीच गत. १९७९ मध्ये सिअ‍ॅटलच्या नौदल तुरुंगात कोठडी गुलाबी रंगवून कैदी शांत होतात असा गवगवा झाला, नंतर स्वित्झर्लंडच्या तुरुंगात नीट तुलना करून पाहिली तर गुलाबी आणि पांढऱ्या कोठडीत फरक आढळला नाही.

तरीही ज्यांचा फ्रिक्वेन्सीवर विश्वास आहे त्यांच्यासाठी एक स्वस्त प्रयोग सुचवते. रेल्वेत मोटरमनच्या भरतीला रंगदृष्टीची चाचणी असते, तिथे लाल-हिरव्यात गोंधळ होऊन नापास झालेली मुलं मुंबईत शोधून सापडतील. त्यांना एकाच कापडाचे दोन कुर्ते द्या, एक लाल आणि एक त्यांना अगदी तसाच दिसणारा हिरवट. कुठला कोणता हे त्यांना सांगायचं नाही, दिवसभर त्यांच्याशी बोलणाऱ्यालाही लाल-हिरवं कळत नसावं. संध्याकाळी विचारा, आज अंगात ऊर्जा किती होती? लहरी शरीरावर काम करत असतील तर लालवाला नक्की उठून दिसेल. तक्ता बनवणाऱ्यांनी मनावर घ्यावं, कुर्ते मी शिवून देईन.