‘तुम्ही’ म्हणजे नेमके किती जण?

लहानपणी आम्ही तिघे भाऊ वडिलांबरोबर मंगळवार पेठेत मावशीकडं जायचो. दारातच ती म्हणायची, “आलासा? बसा की. च्या टाकतो मी.” (कोल्हापुरात बाईमाणूसही ‘टाकतो’च म्हणतं.) हे ‘आलासा’ एकट्या दाजींना होतं की आम्हा चौघांना, हे नुसत्या शब्दावरून सांगता येत नाही. पण थोड्या वेळानं आतून “हात धुवा रं!” अशी हाक आली की आम्ही तिघेच उठायचो. वडील पेपर वाचत बसून राहायचे. ‘धुवा’ तर त्यांनाही लागू होतं, मग ते का उठले नाहीत?

संस्कृतात हा घोळ नव्हता. एकाला ‘त्वम्’, दोघांना ‘युवाम्’, त्याहून जास्त असतील तर ‘यूयम्’. प्राकृतात द्विवचन गळालं. ‘युष्म’मधल्या ‘ष्म’चा ‘म्ह’ झाला, एकवचनातला ‘त’ पुढं येऊन चिकटला आणि त्यातून आपलं ‘तुम्ही’ आलं. ‘अस्म’चं ‘आम्ही’ झालं तेही याच वाटेनं. पुढं मोजणीचा हा शब्द मान द्यायच्या कामाला लागला. समोर एकच माणूस असला तरी तो मोठा म्हणून ‘तुम्ही’.

हे फक्त आपल्याकडं घडलं असं नाही. निपाणीच्या पुढं कानडी मुलखात गेलं तर ‘नीनु’ आणि ‘नीवु’ यांचं तेच नातं दिसतं, आणि कन्नड तर वेगळ्या भाषाकुळातली. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘वू’. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली युरोपीय भाषांमधल्या अशा जोड्यांचा अभ्यास मांडला. कुणाला काय म्हणायचं हे दोन गोष्टी ठरवतात, असं त्यांचं म्हणणं: एक सत्ता आणि दुसरी जवळीक.

अनेकवचन असं मानासाठी खर्ची पडलं की खरोखरच्या अनेकांसाठी शब्द उरत नाही. मग भाषा नवा घडवते. इंग्रजीत ‘दाऊ’ हे एकवचन होतं. आदराच्या ‘यू’नं त्याला प्रमाण बोलीतून हुसकावलं, आणि आता एकालाही ‘यू’ आणि शंभरांनाही ‘यू’. बोलींनी ती फट आपापल्या परीनं बुजवली. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’, पिट्सबर्गकडं ‘यिन्झ’, आयर्लंडमध्ये ‘यूज’. बंगालीत ‘तुमि’ मुळात अनेकवचनी. ते एका माणसासाठी रुळल्यावर अनेकांसाठी ‘तोमरा’ आलं. तमिळची गोष्ट मला सर्वांत आवडते. ‘नी’ म्हणजे तू, ‘नीर्’ हे जुनं अनेकवचन. ‘नीर्’ आदरार्थी झालं तेव्हा त्याच मुळाला अनेकवचनाचा ‘कळ्’ प्रत्यय लागून ‘नींगळ्’ तयार झालं. कालांतरानं तेही एकट्या माणसाला आदरानं म्हटलं जाऊ लागलं!

मराठीत आपण ‘तुम्ही सगळे’ म्हणून वेळ भागवतो. पण मावशीकडं त्याहून नेटका उपाय होता. ज्याला मान द्यायचा त्याला ‘रं’ म्हणता येत नाही, आणि एकट्या पोराला ‘धुवा’ म्हणत नाहीत. म्हणून ‘धुवा रं’ हे फक्त एकाहून जास्त पोरांनाच लागू पडतं. मुली असत्या तर ‘धुवा गं’. सर्वनाम न उच्चारता संख्याही कळली आणि नातंही.

दुसरी गोष्ट ‘जावा’ची. प्रमाण मराठीत ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’, ‘तू खा’ आणि ‘तुम्ही खा’. आकारान्त धातूंच्या आज्ञार्थात फरकच उरत नाही. कोल्हापुरी मात्र ‘तू जा, तुम्ही जावा’, ‘तू खा, तुम्ही खावा’ असा भेद सांभाळते. शाळेत ‘जावा’ म्हटलं की तांबड्या शाईची रेघ यायची. ती मला आजही सलते. ‘तू बस, तुम्ही बसा’ हा फरक जर व्याकरण असेल, तर ‘तू जा, तुम्ही जावा’ हे अशुद्ध कसं? उलट प्रमाण बोलीत नसलेली सोय या बोलीत आहे.

निघायची वेळ झाली की मावशी उंबऱ्यापर्यंत यायची. वडिलांना म्हणायची, “सावकाश जावा.” मग आमच्याकडं वळून, “रस्त्यानं पळू नगासा रं.”