२७ ऑगस्टचे ‘दोन चंद्र’: दरवर्षीची तीच थाप

ऑगस्ट आला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरायला लागतोच, २७ तारखेला रात्री साडेबाराला मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र, पुन्हा बघायला कोणी जिवंत नसेल वगैरे. साफ खोटं आहे.

मूळ गोष्ट मात्र खरी, २००३ची. त्या २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून साधारण ५.५८ कोटी किमीवर आला होता, जवळपास ६० हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये लिहिलेलं की ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल, हे बरोबर होतं, पण पुढे ढकलता ढकलता दुर्बीणही गळली आणि वर्षही!

मंगळाचा व्यास चंद्राच्या जेमतेम दुप्पट, म्हणजे तेवढा दिसायला तो साडेसात लाख किमीवर यायला हवा, आणि तसं झालं तर फोटो काढायचं कोणाला सुचणारे? शिवाय तो जवळ येतो साधारण २६ महिन्यांनी, दर ऑगस्टला नाही, आणि आपल्याकडे तेव्हा ढगच असतात. पुढची वेळ फेब्रुवारी २०२७, तेव्हाही दिसेल तो तांबूस ठिपकाच.